डायजेस्टिव्ह बिस्किटाची पारख

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील कोणत्याही मध्यम आकाराच्या किराणा दुकानात ग्लुकोज, मारी आणि क्रीम या जुन्या, ओळखीच्या बिस्किटांच्या शेजारी आता डायजेस्टिव्ह बिस्किटांचे तीन-चार प्रकारचे पुडे मांडलेले दिसतात. ब्रिटानियाचे न्यूट्रिचॉईस, पार्लेचे न्यूट्रिक्रंच, आयटीसीचे सनफीस्ट फार्मलाइट आणि मूळचे ब्रिटिश मॅकव्हिटीज ही त्यांतील परिचित नावे होत. मैदा आणि गव्हाचे पीठ यांच्या मिश्रणात गव्हाचा कोंडा, वनस्पतिजन्य चरबी, साखर, थोडे मीठ आणि खाण्याचा सोडा घालून भाजलेले, जाडसर, रवाळ आणि तोंडात लवकर विरणारे गोल बिस्किट म्हणजे डायजेस्टिव्ह. ते आरोग्याचे म्हणून विकत घेतले जाते, सवयीने चहात बुडवले जाते आणि अलीकडे कुस्करून चीजकेकच्या तळाशीही घातले जाते. या तीन कामांसाठी बिस्किटाकडून तीन निरनिराळ्या गुणांची अपेक्षा असते आणि त्यांतील एक गुण दुसऱ्याच्या मुळावर उठतो, हे मात्र खरेदीच्या वेळी क्वचितच ध्यानात घेतले जाते. एकच पुडा तिन्ही ठिकाणी चालवण्याचा हट्ट धरला, की पुडा कितीही महागाचा असला तरी एखाद्या कामात तो कमी पडतोच.

मुंबईच्या उपनगरांना बिस्किटे नवी नाहीत. किंबहुना भारतातील सर्वांत प्रसिद्ध बिस्किटाचे नावच एका उपनगरावरून पडले आहे. मोहनलाल दयाल चौहान यांच्या कुटुंबाने १९२९ मध्ये विलेपार्ले येथे कारखाना सुरू केला तेव्हा तेथे गोळ्या-पेपरमिंटसारखा खाऊ तयार होत असे. बिस्किटे तेथे सुमारे दहा वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तयार होऊ लागली. त्या काळी बिस्किट ही साहेबांच्या आणि सधन घरांच्या टेबलावरची वस्तू असताना पार्ले ग्लुकोने ती सामान्य माणसाच्या चहाच्या कपापर्यंत आणली, आणि १९८०च्या दशकात हेच बिस्किट पार्ले-जी या नावाने विकले जाऊ लागले. विलेपार्ल्यातील उत्पादन २०१६ मध्ये थांबले. तोपर्यंत पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना स्टेशनाची पाटी दिसण्याआधी भाजलेल्या बिस्किटांचा गोडसर वास येत असे. ग्लुकोज बिस्किटाने घडवलेली सवय मात्र कारखान्याबरोबर बंद झाली नाही. बिस्किट म्हणजे चहात बुडवण्याची वस्तू, हे समीकरण उपनगरी घरांत इतके रुजले आहे की डायजेस्टिव्हची पहिली परीक्षाही चहातच घेतली जाते, आणि त्या परीक्षेसाठी ते घडवलेलेच नसल्यामुळे त्याचा अर्धा भाग पुष्कळदा कपाच्या तळाशी जातो.

या बिस्किटाचा उगम एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये, विशेषतः स्कॉटलंडमध्ये सांगितला जातो. कोंड्यासह दळलेले पीठ पोटाला हितकर आणि खाण्याचा सोडा आम्लपित्तावर गुणकारी, अशा दोन समजुतींच्या आधारे ते पचनाला मदत करणारे बिस्किट म्हणून विकले जात असे. एडिंबरोच्या मॅकव्हिटी अँड प्राइस या कंपनीत अलेक्झांडर ग्रँट यांनी १८९२ मध्ये आपली पाककृती बसवली आणि पुढे तीच जगभर प्रमाण मानली गेली. एका बाजूने चॉकलेट लावलेला तिचा अवतार १९२५ मध्ये आला. योगायोग असा की ब्रिटानिया कंपनीचा आरंभही १८९२ मध्येच, कोलकात्यातील एका लहानशा घरात २९५ रुपयांच्या भांडवलावर झाला.

सोड्याविषयीची समजूत रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, भट्टीच्या उष्णतेने विघटित होतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू आणि पाण्याची वाफ बाहेर पडते, त्यामुळे बिस्किट फुलते आणि मागे अल्प प्रमाणात सोडियम कार्बोनेट उरते, ज्याच्यामुळे बिस्किटाला तांबूस रंग आणि किंचित खारट, मातकट अशी चव येते. जो सोडा पीठ फुलवण्यात खर्ची पडला, तो पोटातील आम्ल शमवण्यासाठी शिल्लक राहत नाही. मूळ दाव्यातील जो भाग आजही अर्थपूर्ण आहे तो कोंड्याचा, म्हणजे आहारातील तंतूंचा. हे तंतू आतड्यात पचत नाहीत, पाणी धरून ठेवतात आणि मलप्रवृत्ती सुकर करतात. तेव्हा डायजेस्टिव्ह निवडताना विचारायचा पहिला प्रश्न त्यात कोंडा आणि गव्हाचे पीठ प्रत्यक्षात किती आहे, हाच असतो, आणि त्याचे उत्तर पुड्याच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेले असते.

ते उत्तर वाचण्याआधी बिस्किटाची घडण समजून घेतलेली बरी, कारण बुडवणे आणि भाजकाम या दोन्ही कामांचे गणित तिच्यावरच ठरते. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले की त्यातील प्रथिनांचे ग्लुटेन नावाचे चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते. पोळी लाटता येते ती या जाळ्यामुळेच. बिस्किटाच्या पिठाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात चरबी आणि साखर बेताची ठेवून पीठ भरपूर मळतात आणि ग्लुटेनचे जाळे पूर्ण तयार होऊ देतात. मारी हे या प्रकाराचे उत्तम उदाहरण. लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने १८७४ मध्ये रशियाची राजकन्या मारिया आणि ड्यूक ऑफ एडिंबरो यांच्या विवाहाच्या निमित्ताने ते काढले, आणि आज त्याचे सर्वांत निष्ठावंत ग्राहक बहुधा भारतीय घरांतच सापडतील. दुसऱ्या प्रकारात चरबी जास्त घालून ती पिठाच्या कणांवर आधी चोळतात, त्यामुळे पाणी कणांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि ग्लुटेनचे जाळे तुटक राहते. शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन वाढवले की त्या अधिक खुसखुशीत होतात आणि प्रमाणाबाहेर वाढवले की तळताना विरघळू लागतात, त्यामागील कारण नेमके हेच आहे. नानकटाई, पुण्याच्या कयानी बेकरीचे श्रुजबेरी आणि डायजेस्टिव्ह ही सर्व या दुसऱ्या कुळातील बिस्किटे होत.

डायजेस्टिव्हमध्ये कोंड्याची आणखी एक भर पडते. कोंड्याचे कडक, टोकदार तुकडे आधीच तुटक असलेले जाळे ठिकठिकाणी कापतात आणि भाजताना त्यांच्या भोवती पोकळ्या राहतात. म्हणून डायजेस्टिव्ह हाताने मोडले असता मारीसारखा कडक आवाज होऊन सरळ रेषेत तुटत नाही, तर त्याच्या कडा भुगभुशीत होतात आणि थोडा चुरा खाली पडतो. दुकानात पुडा फोडून पाहता येत नसला तरी घरी पहिलेच बिस्किट मोडताना ही परीक्षा करता येते. कोंड्याचे तपकिरी ठिपके दिसत असूनही तुटण्याची रेषा स्वच्छ असेल आणि पोत एकजीव, गुळगुळीत असेल, तर त्यात मैद्याचेच वर्चस्व आहे असे समजण्यास हरकत नाही.

मधल्या वेळच्या खाण्यासाठी, म्हणजे कार्यालयातील टेबलाच्या खणात किंवा लोकलच्या प्रवासात पिशवीत ठेवण्यासाठी बिस्किट निवडायचे असेल, तर पोतापेक्षा घटकांची यादी महत्त्वाची ठरते. भारतात वेष्टणबंद खाद्यपदार्थावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि पुड्यावर ज्या घटकाचा गाजावाजा केलेला असतो त्याचे प्रमाण टक्क्यांत द्यावे लागते. पुड्याच्या दर्शनी भागावर गव्हाची सोनेरी लोंबी असूनही मागच्या यादीत पहिला घटक मैदा असणे ही अपवादात्मक बाब नाही. यादीत पहिल्या स्थानी ‘आटा’ असेल आणि कोंडा स्वतंत्रपणे नोंदवलेला असेल, तर ते बिस्किट आपल्या नावाच्या अधिक जवळ जाते. साखरेच्या बाबतीत एक खुबी लक्षात ठेवावी लागते. साखर, इन्व्हर्ट सिरप, ग्लुकोज सिरप आणि माल्ट यांची नावे यादीत वेगवेगळी येतात, त्यामुळे त्यातील प्रत्येकाचे स्थान खाली सरकते, पण शरीराला त्यांची बेरीजच मिळते. म्हणून पोषणमूल्यांच्या तक्त्यातील ‘अ‍ॅडेड शुगर’ची ओळ यादीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

हा तक्ता शंभर ग्रॅमच्या हिशेबाने दिलेला असतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या लेबलविषयक नियमांत सरासरी प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला २,००० किलोकॅलरी, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर, २२ ग्रॅम संतृप्त चरबी आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम हे आधारभूत आकडे धरले आहेत. डायजेस्टिव्हच्या शंभर ग्रॅममध्ये बहुधा ४५० ते ५०० किलोकॅलरी असतात, आणि त्या बाबतीत ते ग्लुकोज बिस्किटापेक्षा कमी नसते. साखर थोडी कमी असली तरी चरबी पुष्कळदा जास्त असते, कारण कोंड्याचा खरखरीतपणा झाकण्यासाठी ती लागतेच. बारा ग्रॅमचे एक, अशी चार बिस्किटे चहाबरोबर खाल्ली गेली तर सव्वादोनशे किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा पोटात जाते, आणि शंभर ग्रॅमला १५ ग्रॅम साखर असेल तर त्यातून सात ग्रॅमहून अधिक साखर, चहातील साखर वेगळी. ‘हलके खाणे’ म्हणून चार बिस्किटे खाणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी मांडून पाहण्याजोगा आहे.

तंतूंच्या दाव्यालाही असाच हिशेब लावता येतो. घन पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम तंतू असतील तर त्याला तंतूंचा स्रोत आणि किमान ६ ग्रॅम असतील तर तंतूंनी समृद्ध म्हणता येते, असा नियम आहे. ही उंची गाठली तरी तिचा अर्थ मर्यादितच राहतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात ११ ग्रॅमच्या आसपास, तर मैद्यात ३ ग्रॅमहून कमी तंतू असतात. म्हणजे तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीतून साधारण तीन ग्रॅम तंतू मिळतात, आणि शंभर ग्रॅमला सहा ग्रॅम तंतू असलेल्या बिस्किटातून तेवढेच मिळवायचे तर पन्नास ग्रॅम बिस्किटे, म्हणजे चार-साडेचार नग, आणि त्याबरोबर येणारी सगळी साखर व चरबीही खावी लागेल. पोट साफ होण्यासाठी डायजेस्टिव्ह खाणे हा त्यामुळे एक महागडा आणि आडवळणाचा मार्ग ठरतो. क्रीम बिस्किटाऐवजी डायजेस्टिव्ह निवडणे समंजसपणाचे आहे. भाजलेले चणे, फळ किंवा पोळीचा रोल यांऐवजी ते निवडणे तसे नाही.

मधुमेही व्यक्तींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साखरविरहित डायजेस्टिव्हमध्ये गोडव्यासाठी बहुधा माल्टिटॉलसारखी शर्करा-अल्कोहोले, म्हणजे रक्तातील साखर तुलनेने सावकाश वाढवणारी आणि अर्धवटच शोषली जाणारी गोड द्रव्ये वापरतात. त्यांचे प्रमाण मोठे असेल तर जुलाब होण्याची शक्यता पुड्यावर नोंदवावी लागते, आणि ती नोंद केवळ औपचारिक नसते. शिवाय साखर काढली तरी पीठ उरतेच, आणि मैद्याचे शर्करेत रूपांतर होण्यास फार वेळ लागत नाही. चरबीच्या बाबतीत स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे. हायड्रोजनेटेड वनस्पती तुपातून येणाऱ्या ट्रान्स चरबीचे प्रमाण खाद्यतेल-तुपात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांच्या आत ठेवणे बंधनकारक झाले, आणि कारखान्यांतील बिस्किटांत आता मुख्यतः पाम तेल वापरतात. पाम तेलात संतृप्त चरबी सुमारे निम्मी असते, तेव्हा तक्त्यातील त्या ओळीकडे, आणि रक्तदाब असलेल्यांनी सोडियमच्या ओळीकडे, दुर्लक्ष करून चालत नाही. मीठ आणि सोडा या दोहोंमुळे डायजेस्टिव्ह हे दिसते त्यापेक्षा खारट बिस्किट आहे. गोडव्यामुळे ते जिभेला जाणवत नाही इतकेच.

बुडवण्याचा विषय वरवर क्षुल्लक वाटला तरी त्यावर गंभीर भौतिकशास्त्र झाले आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ लेन फिशर यांनी बिस्किट चहात किती वेळ धरावे याचा अभ्यास केला, त्यावर १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लेख लिहिला आणि त्याच वर्षी आधी हसू आणणाऱ्या व मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचे इग्नोबेल पारितोषिक मिळवले. त्यांनी आधार घेतला तो एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या समीकरणाचा. सच्छिद्र पदार्थात द्रव शिरण्यास लागणारा वेळ हा त्याने पार केलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे ते सांगते. म्हणजे दुप्पट आत शिरण्यास चौपट वेळ लागतो. छिद्रे जितकी मोठी आणि द्रव जितका पातळ, तितका तो लवकर आत शिरतो. आत शिरलेला गरम चहा स्टार्चचे कण फुगवून मऊ करतो, त्यांना जोडून ठेवणारी साखर विरघळवतो आणि चरबी वितळवतो. चहा बिस्किटाच्या पूर्ण जाडीभर पोहोचला, की त्याला स्वतःचे वजन पेलण्याइतकी ताकद उरत नाही.

फिशर यांनी सुचवलेला उपाय यातूनच निघतो. बिस्किट उभे न बुडवता शक्य तितके आडवे धरून फक्त खालची बाजू चहात टेकवावी, म्हणजे वरची बाजू कोरडी राहते आणि भिजलेल्या भागाला आधार देते. चॉकलेट डायजेस्टिव्हच्या बाबतीत चॉकलेटची बाजू वर ठेवली की तोच थर आधाराचे काम करतो. रुंद तोंडाच्या कपबशीत हे जमते. अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनबाहेरील टपरीवर कटिंग चहा ज्या लहान, अरुंद काचेच्या ग्लासात मिळतो त्यात मात्र बिस्किट आडवे धरणे अशक्यच, कारण डायजेस्टिव्हचा घेर पुष्कळदा ग्लासाच्या तोंडाएवढा किंवा त्याहून मोठा असतो. तेथे ते अर्धे मोडून, त्याची तुटलेली बाजू वर आणि भाजलेली गोल कड खाली ठेवून क्षणभरच बुडवणे हा व्यवहार्य मार्ग. भाजलेल्या कडेचा पोत घट्ट असल्याने चहा तेथून सावकाश शिरतो. तुटलेल्या बाजूची उघडी छिद्रे मात्र चहा झपाट्याने ओढून घेतात.

उपनगरांतील बेकऱ्यांमध्ये चहासाठी म्हणून जे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहेत ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. टोस्ट हा दोनदा भाजलेला पाव असल्याने त्यात ग्लुटेनचे पूर्ण जाळे आणि मोठी छिद्रे दोन्ही असतात, म्हणून तो चहा भरपूर शोषतो तरी तुटत नाही. खारीचे पापुद्रे एकमेकांपासून चरबीने वेगळे केलेले असतात, चहा त्यांच्या फटींत साठतो आणि एक पापुद्रा विरघळला तरी बाकीचे टिकतात. जिरा बटर तर बुडवल्यावाचून दाताने फोडणेच कठीण. बोरिवलीच्या आयसी कॉलनीपासून मुलुंडच्या जुन्या वस्तीपर्यंत बेकरीच्या काचेच्या कपाटात ही मंडळी अजून टिकून आहेत. लाकडावर आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. भट्टीबरोबर खारी-टोस्टची चव किती बदलेल याविषयी खवय्यांत मतभेद आहेत, परंतु बुडवण्याची त्यांची क्षमता इंधनावर अवलंबून नाही. चहात मनसोक्त बुडवण्यासाठी काही हवे असेल तर टोस्ट, खारी आणि कारखान्याच्या बिस्किटांपैकी मारी ही निवड डायजेस्टिव्हपेक्षा निःसंशय सरस आहे. डायजेस्टिव्हच बुडवायचे असेल तर जाड, बारीक दाण्याचे आणि तुलनेने कमी चरबीचे घ्यावे, म्हणजे आरोग्याच्या दृष्टीने जे खरखरीत, कोंडेदार बिस्किट उत्तम ठरले तेच येथे सर्वांत आधी दगा देते. थंड दुधात मात्र ते बरेच टिकते, कारण पाम तेलाची चरबी वितळण्यास ३५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागते आणि थंड द्रवात साखरही सावकाश विरघळते.

तिसरे काम भाजकामाचे, आणि येथे डायजेस्टिव्हचा भुसभुशीतपणा हा दोष न राहता गुण होतो. चीजकेक किंवा टार्टचा तळ करण्यासाठी बिस्किटांचा चुरा वितळलेल्या लोण्यात कालवून साच्यात दाबून बसवतात. लोणी थंड होऊन घट्ट झाले की चुरा एकसंध राहतो आणि सुरीने कापताही येतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या, तळ निघणाऱ्या साच्यासाठी २०० ग्रॅम डायजेस्टिव्हला ९० ते १०० ग्रॅम लोणी पुरते. तेवढ्याच मारी बिस्किटांना ११० ते १२० ग्रॅम लोणी आणि चमचाभर पिठीसाखर लागते, कारण मारीत मुळातच चरबी आणि गोडवा कमी असतो आणि तिचा चुरा कडक कणांचा होतो. ग्लुकोज बिस्किटाचा चुरा फार बारीक होऊन तळ दगडासारखा घट्ट बसतो. प्रेशर कुकरमधील बिस्किट केकसाठी ते उत्तम, तळासाठी नव्हे. चुरा मिक्सरमध्ये पिठासारखा बारीक न करता जाडसर रव्याइतका ठेवावा. डायजेस्टिव्हमध्ये मीठ असतेच, म्हणून बाजारातील खारवलेले पिवळे लोणी वापरल्यास तळ खारट होतो. बिनमिठाचे लोणी चांगले. साजूक तूपही चालते, परंतु लोण्यात १६ टक्क्यांपर्यंत पाणी असते आणि तुपात जवळजवळ नसते, तेव्हा तूप पाचवा हिस्सा कमी घ्यावे, नाहीतर फ्रिजमधून काढलेला तळ कापताना सुरी अडते.

घाटकोपर आणि मुलुंडमध्ये मराठी व गुजराती घरे शेजारी शेजारी असल्याने घरगुती केक करणाऱ्यांकडे बिनअंड्याच्या पदार्थांची मागणी मोठी असते, आणि न भाजता थंड करून घट्ट केलेला केक या मागणीला चपखल बसतो. त्यात चीजऐवजी घरचा चक्का, वेलची आणि केशर वापरून श्रीखंडाचा केक करता येतो, आंब्याच्या दिवसांत आम्रखंडाचा, आणि खारट-गोड, कोंडेदार तळ श्रीखंडाच्या आंबटगोड चवीला उठाव देतो. घट्टपणासाठी जिलेटिन वापरले जात असेल तर ते प्राणिजन्य असते. त्याऐवजी समुद्री शेवाळापासून मिळणारे चायना ग्रास उकळून, चक्क्यात गुठळ्या होणार नाहीत अशा बेताने कोमट असतानाच मिसळावे लागते. चक्क्यातून पाणी सुटून तळ मऊ पडण्याची भीती असते. ती टाळण्यासाठी चुऱ्याचा तळ १६० ते १७० अंश सेल्सियसवर दहा मिनिटे भाजून पूर्ण थंड करावा, किंवा त्यावर वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात फिरवावा. चक्का मात्र मलमलीत किमान रात्रभर टांगलेला हवा. विकतच्या श्रीखंडात साखर आधीच असते आणि ते इतके घट्ट बसत नाही.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांना डायजेस्टिव्ह घरीही करता येते आणि मग घटकांची यादी स्वतःच्या हातात राहते. २०० ग्रॅम गव्हाचे पीठ न चाळता घेऊन त्यात १०० ग्रॅम थंड लोणी चोळावे, ६० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा सोडा आणि पाव चमचा मीठ मिसळावे आणि दोन-तीन मोठे चमचे दुधात पीठ फक्त गोळा होईल इतपत एकत्र करावे. मळण्याचा मोह टाळणे हेच यातील कसब आहे. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच मिलिमीटर जाड लाटावा, चकत्या कापून काट्याने टोचाव्यात, म्हणजे वाफ बाहेर पडून फोड येत नाहीत, आणि १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजावे. उपनगरांतील गिरणीत दळून आणलेले पीठ विकतच्या पुडीतील पिठापेक्षा किंचित जाड असते. ते येथे पथ्यावर पडते.

किमतीचा मुद्दा लवकर संपतो. बिस्किटांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तरी पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत वर्षानुवर्षे तीच ठेवून आतील वजन बदलण्याची या धंद्यातील जुनी रीत पाहता छापील किमतीची तुलना फसवी ठरते. पुड्यावर छापलेला प्रतिग्रॅम दरच तुलनेसाठी वापरावा.

चांगली निवड करून आणलेले बिस्किट मुंबईच्या पावसाळ्यात मात्र पाहता पाहता बिघडू शकते. भट्टीतून निघालेल्या बिस्किटात पाण्याचा अंश अवघा दोन-चार टक्के असतो, तर जुलै-ऑगस्टमध्ये उपनगरांतील हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर राहते, त्यामुळे उघडे बिस्किट हवेतील ओलावा शोषत राहते. कोंडा पाणी धरून ठेवणारा असल्याने डायजेस्टिव्ह या बाबतीत अधिक हळवे. कुटुंब लहान असल्यास पावसाळ्यात मोठ्या पुड्याऐवजी लहान पुडे घ्यावेत, आणि फोडलेला पुडा तसाच रबर लावून न ठेवता बिस्किटे घट्ट झाकणाच्या, पूर्ण कोरड्या डब्यात भरावीत. खारी किंवा फरसाण त्याच डब्यात ठेवू नये, कारण चरबीयुक्त बिस्किट दुसऱ्याचा वास लगेच उचलते. सादळलेली बिस्किटे ११० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर अगदी मंद आंचेवर आठ-दहा मिनिटे ठेवून पूर्ण थंड होऊ दिली की पुन्हा कुरकुरीत होतात. गरम असताना ती मऊच लागतात, म्हणून आंच वाढवण्याची घाई करू नये. डब्याच्या तळाशी उरलेले तुकडे आणि चुरा याच रीतीने कोरडे करून पुढच्या चीजकेकच्या तळासाठी जपून ठेवता येतात. मात्र त्यांना जुन्या तेलासारखा खवट वास येत असेल, तर भाजण्याने ओलावा जातो, खवटपणा जात नाही, आणि तो चुरा टाकून देणेच योग्य.